जुन्या फाइलचं नवं नाव

सोनूबाईंनी काखेतली प्लॅस्टिकची पिशवी उघडली, आतली गुणपत्रिका काढून पदराने पुसली आणि प्राचार्यांच्या टेबलावर ठेवली. गुणपत्रिका कोरडीच होती. भिजल्या होत्या त्या दोघी, सोनूबाई आणि त्यांच्या मागे उभी असलेली त्यांची मुलगी मैना. देवरूखच्या पलीकडच्या वाडीतून सकाळची पहिली एस.टी. धरून त्या रत्नागिरीला आल्या होत्या.

"ह्यात बगा," सोनूबाई म्हणाल्या. "गणितात शंभरातलं शंभर हायत पोरीला. आनि तुमच्या यादीत नावच नाय."

प्राचार्य विद्वांसांनी गुणपत्रिका दोनदा वाचली आणि शिपायाला खाली पाठवून श्रीपती करमरकरला बोलावून घेतलं. कॉलेजात बारावीनंतरचा दोन वर्षांचा संगणक पदविका अभ्यासक्रम त्या वर्षी, म्हणजे एकोणनव्वद साली, नव्याने सुरू झाला होता. जागा तीस, अर्ज दोनशे चौदा. गुणवत्ता यादी कॉलेजच्याच मशीनवर तयार झाली होती आणि तिचा प्रोग्रॅम श्रीपतीने लिहिला होता. तो संगणक विभागाचा प्रभारी प्रमुख होता. दिवाळीपर्यंत कायम होणार असं संस्थेतले लोक म्हणत.

श्रीपतीने यादीचा लांबलचक कागद टेबलावर उलगडला. नाव सापडायला वेळ लागला, कारण तो वरच्या भागातच शोधत होता. ते एकशे एकाहत्तराव्या ओळीत निघालं. रेवाळे मैना काशीराम. भौतिकशास्त्र ७८, रसायनशास्त्र ७४, गणित १०, एकूण १६२.

"दहा?" विद्वांस म्हणाले. "गणितात दहा म्हणजे मुलगी नापास. नापास मुलीचा अर्ज आपण घेतलाच कसा, हे तरी कुणाच्या लक्षात यायला नको?"

वरच्या तीस ओळींच्या खाली कुणी पाहिलंच नव्हतं.

मग भाटकरबाईंना बोलावलं गेलं. दमयंती भाटकर चव्वेचाळीस वर्षांच्या होत्या. चौदा वर्षं त्यांनी कोर्टात टायपिस्टचं काम केलं होतं आणि दोन वर्षांपूर्वी कॉलेजने मशीन घेतलं तेव्हा त्या इथे आल्या होत्या. सगळे अर्ज त्यांनीच टर्मिनलवर भरले होते. त्या आल्या, कागद पाहिला, गुणपत्रिका पाहिली.

"मी शंभरच टाइप केलं असेल, सर."

"असेल?"

"केलं होतं," त्या म्हणाल्या. आवाज खाली गेला होता.

"मग हे दहा काय मशीननं केलं?"

भाटकरबाईंनी श्रीपतीकडे पाहिलं. खोलीतल्या सगळ्यांनीच पाहिलं. यातलं कळणारा तोच एक होता.

"मशीन स्वतःहून काही करत नाही," श्रीपती म्हणाला.

ते त्याला त्या क्षणी खरंच वाटत होतं. वर्गातही तो हे वाक्य नेहमी म्हणत असे.

विद्वांसांनी मान हलवली. तीसही जागा भरल्या होत्या, मुलं वर्गात बसायला लागली होती. कुणाला उठवता येणार नव्हतं. "पुढच्या वर्षी आम्ही तुमच्या मुलीचा जरूर विचार करू," ते सोनूबाईंना म्हणाले. "चूक आमचीच आहे. बाई तसं लिहून देतील."

"पुडच्या वर्सापावत हिला कोन थांबू देतोय?" सोनूबाई म्हणाल्या. "हितं नक्की हुनार म्हनून दुसरीकडं फारम पन नाय भरला."

मैना त्या कागदावरच्या आपल्या ओळीकडे पाहत होती, एखाद्या अनोळखी माणसाबद्दल वाचावं तशी. मग तिने गुणपत्रिका उचलून पुन्हा पिशवीत घातली आणि आईचा हात धरला.

श्रीपती खाली संगणकाच्या खोलीत आला. दाराबाहेर चपला काढताना तो मनात एवढंच म्हणत होता की मूळ फाइल एकदा पाहून घ्यावी. भाटकरबाईंनी भरलेले आकडे मशीनमध्ये जसेच्या तसे होते, यादी त्यांवरून तयार झाली होती. त्याने फाइल उघडली आणि रेवाळे हे नाव शोधलं.

७८, ७४, १००.

भिंतीवरच्या घड्याळात साडेबारा वाजले होते. एअर कंडिशनर घरघरत होता. श्रीपतीने पडद्यावर बोट ठेवून तीनही अंक मोजले, लहान मूल मोजतं तसे. मग त्याने आपला प्रोग्रॅम उघडला. त्यात चूक नव्हती. ती कुठे असणार हे तोपर्यंत त्याला कळून चुकलं होतं, तरी त्याने प्रोग्रॅम पुन्हा एकदा वरपासून वाचला.

गोष्ट एप्रिलमधली होती. कॉलेजच्या मशीनबरोबर आलेला कंपायलर, म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत उतरवून देणारा प्रोग्रॅम, जुना आणि तोकडा होता. मुंबईच्या एका मित्राने श्रीपतीला नव्या कंपायलरचा सगळा मूळ मजकूर टेपवर भरून दिला. तो आपल्या मशीनवर स्वतः बांधून काढायचा, असं श्रीपतीने ठरवलं. महिनाभर तो त्याच्यामागे होता. सगळं जमत आलं आणि अगदी शेवटी एका जागी अडलं. मशीनवर एक सामायिक लायब्ररी असते. पुस्तकांची नव्हे, आकडे वाचणं, अक्षरं जुळवणं अशी बारीकसारीक कामं करणारा एकच साठा, जो सगळे प्रोग्रॅम मिळून वापरतात. त्या फाइलच्या नावातच शेवटी आवृत्तीचा आकडा असतो. नव्या कंपायलरला तीन आकड्याची लायब्ररी हवी होती. कॉलेजच्या मशीनवर दोनची होती.

श्रीपतीने मशीन विकणाऱ्या कंपनीला पत्र लिहिलं. महिना झाला तरी उत्तर आलं नाही. इकडे संस्थेच्या अध्यक्षांना जूनमध्ये उद्घाटन हवं होतं. एका संध्याकाळी त्याने दोन आकड्याच्या फाइलला आणखी एक नाव दिलं. नाव तेच, फक्त शेवटी तीन. कंपायलरने नाव पाहिलं आणि तो मुकाट कामाला लागला. त्यानंतर सगळं सुरळीत चाललं होतं.

आकडा बदलतो तेव्हा आतली काहीतरी रीत बदललेली असते, हे श्रीपतीला माहीत नव्हतं असं नाही. त्याने ते फळ्यावर लिहून शिकवलं होतं. नव्या लायब्ररीत तीन अक्षरं वाच म्हटलं की तीन वाचली जात. जुनी लायब्ररी मजकूर संपल्याच्या खुणेची एक जागा त्या तिनांतच धरी आणि दोनच अक्षरं वाची. दोन आकडी गुणांना त्याने काही फरक पडत नव्हता. दोनशे चौदा मुलांत शंभर गुण एकटीलाच होते.

तो उठला आणि जिन्याकडे गेला. सांगायला म्हणूनच तो निघाला होता. वरच्या मजल्यावर ऑफिसचं दार उघडं होतं. हेडक्लार्क मजकूर सांगत होता आणि भाटकरबाई तो स्वतःच टाइप करत होत्या. "माझ्या नजरचुकीमुळे," हेडक्लार्क म्हणाला, आणि टाइपरायटर खडखडला. मग त्यांनी कागद ओढून काढला, एकदा वाचला आणि सही केली.

"सर, काही हवंय का?" दाराशी बसलेल्या शिपायाने विचारलं.

"नाही," श्रीपती म्हणाला आणि खाली आला.

त्या दुपारी त्याने तीन आकड्याचं ते नाव काढून टाकलं. यादीचा प्रोग्रॅम जुन्या कंपायलरवर पुन्हा तयार केला आणि चालवून पाहिला. मैना काशीराम रेवाळे सहाव्या क्रमांकावर आली. त्याने तो कागद फाडला, तुकडे पुन्हा फाडले आणि टोपलीत टाकले. टोपली खोलीतलीच होती. थोड्या वेळाने त्याने तुकडे परत वेचून घेतले आणि खिशात घालून घरी नेले.

आठवड्याभराने गावातल्या एका वर्तमानपत्रात त्याच्यावर चार परिच्छेदांची बातमी आली. अध्यक्षांनी ती उद्घाटनाच्या वेळीच दिली होती, छापायला उशीर झाला होता. कोकणातल्या तरुणाने परदेशी तोडीचा कंपायलर स्वतः उभा केला, असं त्यात होतं. सकाळी मालिनीने, त्याच्या बायकोने, ती मोठ्याने वाचली. ती शाळेत मराठी शिकवायची आणि चांगलं वाचायची. श्रीपतीची आई आतून हात पुसत ऐकायला आली.

"फोटो का नाही दिला?" आईने विचारलं.

"पुरे आता," श्रीपती म्हणाला.

"अहो, अजून शेवटचा परिच्छेद राहिलाय."

तो जेवणाच्या पानावरून उठला. मालिनीने वर्तमानपत्र घडी करून ठेवलं. तिने कारण विचारलं नाही आणि ती विचारत नाही याचंच त्याला दिवसभर ओझं झालं.

ऑगस्टमध्ये भाटकरबाईंचं काम बदलू लागलं. आधी त्या न पाहता टाइप करत, नजर कागदावर आणि बोटं आपली चालूच. आता त्या प्रत्येक आकडा टाइप करून थांबत, पडद्याजवळ तोंड नेऊन पुटपुटत वाचत आणि मग पुढे जात. परीक्षेच्या पटावरची साठ नावं भरायला त्यांना दोन दिवस लागले. एकदा त्यांनी श्रीपतीला हाक मारली.

"सर, इथं सत्तेचाळीसच दिसतंय ना तुम्हाला?"

"सत्तेचाळीसच आहे, बाई."

"मलाही तेच दिसतंय," त्या म्हणाल्या. "पण विचारून घेतलेलं बरं."

स्टाफरूममध्ये कुणीतरी त्यांना 'दहाच्या बाई' म्हणायला सुरुवात केली होती. तोंडावर नव्हे. श्रीपती तिथे असला तर तो खिडकीबाहेर पाहत राही.

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, शनिवारी दुपारी, त्या त्याच्या टेबलाशी आल्या आणि एक कागद ठेवला. अर्ज होता. 'नजरेच्या दोषामुळे संगणक विभागातील काम माझ्याकडून बिनचूक होत नाही, तरी माझी बदली कार्यालयातील आवक-जावक विभागात करावी.' खाली विभागप्रमुखाच्या शिफारशीसाठी जागा सोडली होती.

"डोळे तपासून घेतले?" श्रीपतीने विचारलं.

"घेतले. डॉक्टर म्हणतात, नंबर जराही वाढलेला नाही." त्या ओशाळवाणं हसल्या. "डॉक्टरना काय कळणार? आकडे त्यांना थोडेच भरायचे असतात."

"सोमवारी बघू या," श्रीपती म्हणाला. अर्ज त्याने खणात ठेवला.

रविवारी सकाळी तो देवरूखच्या एस.टी.त बसला. भाटकरबाई रत्नागिरीतच परटवण्याला राहत. त्याच्या घरापासून सायकलने दहा मिनिटांवर. तो संगमेश्वरावरून अडीच तासांचा प्रवास करत निघाला होता, आणि पुढे तीन मैल चालायचं होतं. आधी ज्या मुलीचं नुकसान झालं तिला सांगावं, हे योग्यच आहे, असं तो स्वतःला वाटेत समजावत होता. निवळीचा घाट उतरताना ते त्याला पटलंही.

वाडीत रेवाळ्यांचं घर विचारायला लागलं नाही. पडवीत मैना बसलेली त्याला लांबूनच दिसली. तिच्या मांडीवर एक पुठ्ठा होता आणि ती दोन्ही हातांची बोटं त्यावर दाबत होती. पुठ्ठ्यावर शाईने टाइपरायटरची सगळी अक्षरं काढलेली होती, ओळीने, जागच्या जागी. वर आकड्यांची रांग. ती त्याला ओळखून गडबडीने उठली.

"सर, तुम्ही?"

"आई आहे का घरात?"

"बेणणीला गेलीय, भातातलं तण काढायला, खालच्या शेतात. बोलावते."

तिने पडवीच्या टोकाला जाऊन हाक मारली. परत येऊन पाण्याचा तांब्या ठेवला आणि पुठ्ठा उचलू लागली.

"ते काय आहे?" श्रीपतीने विचारलं.

"बाईंनी करून दिलंय. भाटकरबाईंनी."

श्रीपतीच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

"त्या इथं आल्या होत्या?"

"दोनदा. पहिल्यांदा आल्या त्या आम्ही कॉलेजात येऊन गेलो त्यानंतरच्याच रविवारी. आईच्या पायाच पडायला लागल्या. आईनं हात धरले. बाई म्हणाल्या, माझ्या नजरेपायी तुझ्या पोरीचं वर्ष गेलं." मैना सरळ सांगत होती, त्यात कुठे बोच नव्हती. "मग गेल्या रविवारी हा पुठ्ठा घेऊन आल्या. गणपती झाले की काका मला मुंबईला नेणार आहेत. अगरबत्तीच्या कंपनीत लावतो म्हणाले. बाई म्हणाल्या, टायपिंग आलं तर पुडे भरत बसावं लागणार नाही. दोन तास बसून शिकवलं. कुठलं बोट कुठं ते."

सोनूबाई आल्या. गुडघ्यापर्यंत चिखल होता. त्यांनी त्याला ओळखलं आणि बसा म्हटलं, पण त्या स्वतः उभ्याच राहिल्या.

श्रीपतीने काय बोलायचं ते एस.टी.त जुळवलं होतं. त्यातलं पहिलं वाक्य त्याला आठवलं नाही.

"शंभर टाइप केलेलं होतं," तो म्हणाला. "बाईंनी बरोबर केलं होतं. चूक माझी आहे."

मग त्याने सगळं सांगितलं. कंपायलर, लायब्ररी, नावातला आकडा. सोनूबाईंना कळावं म्हणून तो सोपं करत गेला आणि सोपं करताना ते आणखी वाईट होत गेलं. मैना मात्र मान थोडी वाकडी करून नीट ऐकत होती.

"म्हणजे फाइल जुनीच," ती म्हणाली, "आणि तुम्ही तिला नवीन नंबर लावलात."

"हो."

"आणि मशीन आत बघत नाही? नावच वाचतं?"

"नावच वाचतं."

"म्हणून तीन म्हटल्यावर त्यानं दोनच वाचले." तिने मोजून पाहिलं. "एक, शून्य. बरोबर."

त्याच्या वर्गात तीस मुलं होती. त्यांच्यातल्या कुणाला हे इतक्या लवकर कळलं नसतं. श्रीपतीने मान खाली घातली.

"म्हंजी बाईंची चूक नव्हतीच?" सोनूबाईंनी विचारलं.

"नव्हती."

"आनि त्या हितं येऊन रडून गेल्या."

"बाईंना माहीत आहे?" मैनाने विचारलं.

"नाही. अजून नाही."

"मग तुम्ही आधी आमच्याकडं का आलात?"

तिने ते चिडून विचारलं नव्हतं. मघाशी मशीनबद्दल विचारलं तसंच विचारलं होतं, समजून घ्यायला. श्रीपतीने हातातला तांब्या खाली ठेवला. अंगणात कोंबड्या चिखल उकरत होत्या. सोनूबाई आत गेल्या आणि त्याला वाटलं, त्या आता बाहेर येणार नाहीत. त्या आल्या तेव्हा हातात चहाचा कप होता.

"घ्या," त्या म्हणाल्या. "लांबनं आलाव."

त्याने तो चहा घेतला. इतका गोड चहा त्याला कधी जात नसे, पण तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. निघताना तो पुढच्या वर्षाबद्दल काहीतरी बोलू लागला. मैना म्हणाली, "शेवटची गाडी साडेतीनला आहे, सर. चुकेल."

सोमवारी कॉलेज उघडताच त्याने प्राचार्यांपुढे दोन पानं ठेवली. विद्वांसांनी ती वाचली, दुसरं पान उलटून मागे काही आहे का पाहिलं आणि दार लावून घेतलं.

"हे तुम्ही कधी शोधलंत?"

"त्याच दिवशी, सर. पत्रात लिहिलं आहे."

"ते मी वाचलं. तुमच्या तोंडून ऐकावंसं वाटलं." विद्वांसांनी दोन्ही पानं टेबलावर ठेवली. "करमरकर, टायपिस्टची चूक म्हटल्यावर जास्तीची जागा मागायला तोंड नव्हतं माझ्याजवळ. यंत्रणेतच दोष होता असं तेव्हा कळलं असतं तर मी त्याच आठवड्यात मुंबईला तंत्रशिक्षण खात्यात जाऊन जागा मागितली असती. मिळालीही असती. आता महिना होऊन गेला."

"आता मागता येणार नाही?"

"मागतो. देतील की नाही सांगता येत नाही. मागायची तर दोष कुणामुळे आला तेही लिहावं लागेल. अध्यक्षांपर्यंत जाईल. तुमचं कायम होणं..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही.

"लिहा, सर."

विद्वांसांनी कपाटातून एक फाइल काढली, टाचणी सोडवली आणि भाटकरबाईंनी सही केलेला कागद त्याच्यासमोर धरला. "हा त्यांना परत द्या. मी देणार होतो. पण तुम्हीच द्या."

संगणकाच्या खोलीत भाटकरबाई एकट्याच होत्या. त्या बोट लावून लावून एक पट तपासत होत्या. श्रीपतीने शेजारच्या टर्मिनलवर प्रवेशाची फाइल उघडली, ती ओळ आणली आणि खुर्ची मागे सरकवली.

"बाई, जरा इकडे येता?"

त्या आल्या. पडद्याजवळ वाकल्या. आधी नाव वाचलं, मग आकडे, एकेक. मग फाइलवरची तारीख वाचली. जुलैची होती, यादी लागायच्या आधीची. त्यानंतर कुणी त्या फाइलला हात लावला नव्हता.

"हे मी भरलेलं आहे," त्या म्हणाल्या.

"हो."

"शंभर."

"हो, बाई. तुमचं बरोबर होतं. पुढे जे झालं ते माझ्यामुळे." त्याने तो कागद त्यांच्या हातात दिला आणि थोडक्यात सांगितलं. या वेळी त्याने काही सोपं करायचा प्रयत्न केला नाही. त्या ऐकत होत्या, पण नजर पडद्यावरच होती.

"हे कधी कळलं तुम्हाला?"

काल, असं म्हणता आलं असतं. परवा म्हणता आलं असतं. प्राचार्यांना दिलेलं पत्र त्या वाचणार नव्हत्या.

"त्याच दिवशी," श्रीपती म्हणाला. "साडेबाराला. तुम्ही वर हाच कागद टाइप करत होतात. मी दारापर्यंत आलो होतो."

भाटकरबाईंनी खुर्ची ओढली आणि बसल्या. हातातल्या कागदाची त्यांनी घडी घातली, ती उघडली, पुन्हा त्याच घडीवर घातली. बाहेर तास संपल्याची घंटा झाली आणि मुलांचे पाय जिन्यावरून वाजत गेले.

"मला आठवत होतं, सर," मग त्या म्हणाल्या. "शंभर दाबताना मी थांबले होते. म्हटलं, कुणाची गं ही पोर, शंभर मिळवलेत. मला स्वच्छ आठवत होतं. मग सगळेच म्हणायला लागल्यावर वाटलं, ते मी नंतर मनानं रचलं असेल."

श्रीपती उभाच होता.

"स्टाफरूममध्ये सांगणार आहात?"

"आज मधल्या सुट्टीत. सगळ्यांसमोर."

"मी अर्धी रजा टाकून घरी जाते. मग सांगा. मी असताना नको, सगळे माझ्याकडं बघत बसतील."

"बरं."

त्याने खण उघडला आणि शनिवारचा अर्ज बाहेर काढला. तो परत देताना त्याला थोडं हलकं वाटलं. निदान एवढं तरी आपल्याला सरळ करता येईल असं वाटलं.

"याची आता गरज नाही, बाई."

भाटकरबाईंनी अर्ज घेतला आणि सावकाश वाचला. मग त्याच्या टेबलावरचं पेन उचलून 'नजरेच्या दोषामुळे' हे शब्द खोडले. पुढचं 'माझ्याकडून बिनचूक होत नाही' तेही खोडलं. त्या जागी त्यांनी दुसरं कारण लिहिलं नाही. कोर्टातल्या सवयीप्रमाणे दोन्ही खाडाखोडींशेजारी बारीक सही केली आणि कागद त्याच्यापुढे सरकवला.

"बाकी तसंच राहू दे," त्या म्हणाल्या. "शिफारशीची सही तेवढी करा, सर. आणि खाली तारीख घाला, आजची."